एकाच मुद्द्याचे शेकडो दावे: इंदूरच्या नवख्या पक्षकारांसाठी मार्गदर्शन

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात किंवा इथल्या जिल्हा न्यायालयात ज्यांचे आयुष्यातले पहिलेच प्रकरण दाखल झालेले असते, त्यांना दोन-चार तारखांनंतर बहुधा असे कळते की नेमक्या आपल्याच तक्रारीची आणखी शंभर-दीडशे प्रकरणे तिथे अगोदरपासून पडून आहेत. एका अधिसूचनेने जमीन गेलेले शेतकरी, गृहनिर्माण संस्थेत पैसे भरून भूखंडाची वाट पाहणारे सभासद, एका परिपत्रकामुळे वेतननिश्चिती बदललेले निवृत्त शिक्षक, एकाच बसच्या अपघातात जखमी झालेले प्रवासी, ही त्यातली नेहमीची मंडळी. वकील सांगतात, ‘आपले मॅटर टॅग झाले आहे, आता लीड केसबरोबर, म्हणजे गठ्ठ्यातल्या मुख्य प्रकरणाबरोबर, लागेल,’ आणि सुदामानगरातले किंवा लोकमान्यनगरातले आपले काका मान डोलावून घरी परततात. टॅग होणे म्हणजे काय, त्याने आपला फायदा झाला की तोटा, आणि आता आपण काय करायचे, हे विचारायचे राहूनच जाते.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यात सांगायचे आहे ते एवढेच की समाईक प्रश्नाचे उत्तर न्यायालय सर्वांना मिळून एकदाच देते, परंतु मुदत, कागदपत्रे, पुरावा आणि अपील ही ज्याची त्यालाच सांभाळावी लागतात. गर्दीत आपले प्रकरण आपोआप पार पडेल अशा समजुतीत राहिलेल्यांचे नुकसान होते, आणि ते बहुतेक वेळा निकाल लागून गेल्यावर लक्षात येते.

पहिली पायरी: आपण कोणत्या रीतीने एकत्र आलो आहोत ते ओळखावे

‘एकत्र’ या एका शब्दाखाली चार-पाच निरनिराळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचे परिणाम वेगळे असतात. म्हणून वकिलांना पहिला प्रश्न हाच विचारावा.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश १ नियम १ प्रमाणे एकाच व्यवहारातून किंवा घटनामालिकेतून ज्यांचा हक्क निर्माण झाला आहे आणि ज्यांच्या दाव्यांत कायद्याचा किंवा वस्तुस्थितीचा समाईक प्रश्न आहे, ते सर्वजण वादी म्हणून एकच दावा लावू शकतात. हा संयुक्त दावा होय. त्यात प्रत्येकाचे नाव असते आणि प्रत्येकजण स्वतः पक्षकार असतो. यात खर्च वाचतो असे पुष्कळांना वाटते, पण ते नेहमीच खरे ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मोटा सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात संयुक्त याचिका करणाऱ्या ट्रकमालकांना सांगितले होते की प्रत्येकाचे वादकारण स्वतंत्र असेल तर कोर्ट फीसुद्धा प्रत्येकाने स्वतंत्र भरावी.

आदेश १ नियम ८ प्रमाणे होतो तो प्रातिनिधिक दावा. समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एक किंवा काहीजण न्यायालयाच्या परवानगीने दावा चालवतात, आणि वादीच्या खर्चाने सर्व संबंधितांना सूचना द्यावी लागते. माणसे फार असतील तर ही सूचना वर्तमानपत्रात जाहिरात देऊनही देता येते. सकाळच्या हिंदी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती बारीक अक्षरातली चौकट आपण न वाचता पुढे जातो. मात्र नियम ८ खालचा हुकूमनामा (डिक्री) त्या गटातल्या सर्वांना बांधून ठेवतो, दाव्यात नाव नसलेल्यांनाही. आपल्या कॉलनीचे किंवा संस्थेचे नाव अशा चौकटीत दिसले, तर नियम ८(३) प्रमाणे स्वतःला पक्षकार करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. प्रतिनिधींनी परस्पर तडजोड करून मोकळे व्हावे असेही चालत नाही, कारण आदेश २३ नियम ३ख प्रमाणे अशी तडजोड न्यायालयाच्या परवानगीशिवाय निरर्थक ठरते.

तिसरी रीत म्हणजे एकत्रीकरण. दावे वेगवेगळे दाखल झालेले असतात, पण पुरावा तोच आणि साक्षीदारही तेच असल्यामुळे न्यायालय ते सर्व एकत्र चालवून एकच निकालपत्र लिहिते. संहितेत यासाठी स्वतंत्र कलम नाही. न्यायालये कलम १५१ खालच्या अंगभूत अधिकारातून हे करतात. चितिवलसा ज्यूट मिल्स विरुद्ध जेपी रीवा सिमेंट (२००४) या प्रकरणात पोत्यांच्या पुरवठ्यावरून एक दावा आपल्याच राज्यात रीव्याला आणि दुसरा आंध्रात विशाखापट्टणम जिल्ह्यात चालू होता. दोन्हीकडे तेच साक्षीदार उभे करणे आणि दोन परस्परविरोधी निकालांचा धोका पत्करणे योग्य नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही दावे एकाच ठिकाणी आणून चालवण्यास सांगितले.

चौथी रीत, जी उच्च न्यायालयात रोज दिसते, ती टॅगिंगची. यात याचिका स्वतंत्र राहतात, क्रमांक स्वतंत्र राहतात, फक्त त्या एकाच दिवशी एकाच पीठासमोर ऐकल्या जातात. याखेरीज कलम १० आहे. त्याच पक्षकारांमध्ये त्याच मुद्द्यावर अगोदरचा दावा चालू असेल तर नंतरच्या दाव्याची सुनावणी त्याने थांबते. पक्षकार निराळे असतील तर कलम १० सहसा लागू पडत नाही, म्हणून ‘शेजाऱ्याचा दावा अगोदरचा आहे, त्यामुळे माझा आपोआप थांबला’ असे समजू नये.

इथे एक इशारा. गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या कारभाराविषयी संस्था आणि सभासद यांच्यातला वाद मध्य प्रदेश सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६४ प्रमाणे निबंधकाकडे जातो. शंभर सभासदांनी मिळून चुकीच्या दारात दावा लावला, तर शंभरही जण एकदमच बाहेर पडतात. सरकार प्रतिवादी असेल तर संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीसही अगोदर द्यावी लागते.

दुसरी पायरी: लीड केस शोधून स्वतः वाचावी

प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर टाकला की पुढची तारीख, पीठ आणि आजवरचे आदेश दिसतात. टॅग करण्याचा आदेश बहुधा दोन ओळींचा असतो: अमुक क्रमांकाच्या याचिकेसोबत हे प्रकरण लावावे. तो अमुक क्रमांक वहीत लिहून घ्यावा आणि त्याचेही आदेश पहिल्यापासून वाचून काढावेत. उच्च न्यायालयाचे आदेश इंग्रजीत आणि जिल्हा न्यायालयाच्या आदेशपत्रिका बहुधा हिंदीत असतात. अडेल तिथे घरातल्या एखाद्या मुलीला किंवा भाच्याला शेजारी बसवावे, पण ते वाचल्याशिवाय राहू नये.

वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. शासनाचे किंवा प्रतिवादीचे उत्तर दाखल झाले आहे का. स्थगिती असल्यास ती कोणाला आणि किती काळ. आणि लीड केसमधली वस्तुस्थिती खरोखर आपल्यासारखी आहे का. लीड केस म्हणून जे प्रकरण निवडले जाते, ते सर्वांत बळकट असतेच असे नाही. पुष्कळदा ज्यात दोन्ही बाजूंचे कागद अगोदर पूर्ण झाले तेच पुढे केले जाते. आपला मुद्दा त्यात पुरेसा मांडलेला नसेल तर आपल्या वकिलांनी सुनावणीच्या दिवशी उभे राहून तो स्वतंत्रपणे मांडला पाहिजे, आणि वस्तुस्थितीच वेगळी असेल तर प्रकरण वेगळे काढण्यासाठी अर्ज दिला पाहिजे. मोठ्या गठ्ठ्यात शेवटच्या रांगेतल्या वकिलाला बोलायला मिनिटभरच मिळते. म्हणून दोन पानांचे लेखी टिपण हातात तयार असणे मला फार महत्त्वाचे वाटते.

गठ्ठे बांधण्याची ही पद्धत न्यायालयांनी केवळ सोयीसाठी घेतलेली नाही. १९९१ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयात एक लाखाहून अधिक प्रकरणे थकलेली होती. संगणकाच्या मदतीने समान कायदेशीर प्रश्नांची प्रकरणे शोधून ती एकत्र लावण्यास सुरुवात झाल्यानंतर १९९८ पर्यंत हा आकडा २० हजारांच्या आसपास आला.

इंदूर आणि पुणे: एका प्रश्नाचा प्रवास

अशा खटल्यांची चाल समजून घ्यायला इंदूरकरांना दूर जायला नको, कारण या विषयावरचा अलीकडचा सर्वांत गाजलेला निकाल आपल्या शहराच्या नावाने ओळखला जातो, आणि त्याने जो निकाल मोडीत काढला तो पुण्याच्या नावाने.

भूसंपादनाचा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्याच्या कलम २४(२) मध्ये असे म्हटले होते की जुन्या कायद्याखालचा निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) पाच वर्षांहून जुना असेल आणि जमिनीचा ताबा घेतलेला नसेल किंवा मोबदला दिलेला नसेल, तर ते संपादन रद्द झाल्याचे मानावे. २४ जानेवारी २०१४ रोजी पुणे महानगरपालिका विरुद्ध हरकचंद मिसिरीमल सोळंकी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मोबदल्याची रक्कम सरकारी कोषागारात ठेवली म्हणजे ती ‘दिली’ असे होत नाही. झाले! देशभर, ज्यांची जमीन वीस-तीस वर्षांपूर्वी गेली होती तेसुद्धा, संपादन रद्द करून घेण्यासाठी न्यायालयात आले. ८ फेब्रुवारी २०१८ रोजी इंदूर विकास प्राधिकरणाच्या एका प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने पुण्याचा निकाल चुकीचा ठरवला. तो निकालही तीनच न्यायमूर्तींचा असल्यामुळे गोंधळ माजला आणि २१ फेब्रुवारीला दुसऱ्या एका पीठाने उच्च न्यायालयांना असली प्रकरणे तूर्त हाती न घेण्याची विनंती केली. शेवटी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ मार्च २०२० रोजी इंदूर विकास प्राधिकरण विरुद्ध मनोहरलाल या प्रकरणात उत्तर दिले: ताबाही घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच संपादन रद्द होते, दोहोंपैकी एक झालेली असेल तर होत नाही.

या एका उत्तराने देशभरातल्या असंख्य याचिकांचे भवितव्य ठरले. तरीही त्यानंतर प्रत्येक याचिकेत एक प्रश्न उरलाच: या जमिनीचा ताबा घेतला होता की नाही? घटनापीठाने पंचनामा करून घेतलेला ताबा ग्राह्य धरला. मग आपल्या खसऱ्याचा (जमिनीच्या सर्व्हे क्रमांकाचा) पंचनामा झाला होता का, कोणत्या तारखेला, त्यावर कोणाच्या सह्या आहेत, तो जागेवर झाला की कचेरीत बसून, हे मुद्दे ज्याचे त्यालाच कागदांनिशी दाखवावे लागले. ज्यांनी खसरा-खतौनीच्या नकला आणि पंचनाम्याची प्रमाणित प्रत वेळीच काढून ठेवली होती त्यांना निदान बोलता आले.

याच प्रवासातून आणखी एक बोध घेता येतो. मोठ्या पीठाकडे प्रश्न पाठवला आहे म्हणून खालची सर्व प्रकरणे आपोआप थांबत नाहीत. २०२३ मध्ये लडाख केंद्रशासित प्रदेश विरुद्ध जम्मू अँड काश्मीर नॅशनल कॉन्फरन्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तसा स्पष्ट आदेश नसेल तर उच्च न्यायालयांनी आज जो कायदा आहे त्याप्रमाणे निकाल द्यावेत. त्यामुळे प्रतिवादी ‘वर प्रश्न प्रलंबित आहे’ म्हणून तारीख मागत असेल, तर हा निकाल वकिलांच्या नजरेस आणून द्यावा.

तिसरी पायरी: आपली फाइल जिवंत ठेवावी

लीड केसमध्ये मिळालेली स्थगिती आपल्याला आपोआप मिळत नाही. आपल्या याचिकेत, आपल्या क्रमांकावर, तसाच आदेश मागून घ्यावा लागतो. शेजारच्या भूखंडावरची कारवाई थांबली आणि आपल्या भिंतीवर मात्र जेसीबी चालला, असे घडू शकते, आणि त्या वेळी ‘आमचेही प्रकरण त्याच गठ्ठ्यात आहे’ हे सांगून अधिकारी थांबत नाही.

दुसरी गोष्ट मृत्यूची. गठ्ठ्यातली प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात आणि त्यात वयस्कर माणसे असतात. दाव्यातला किंवा अपिलातला पक्षकार वारला तर ९० दिवसांत वारसांची नावे लावण्याचा अर्ज द्यावा लागतो, नाहीतर त्याच्यापुरते प्रकरण उपशमित होते, म्हणजे आपोआप संपते. त्यानंतर ते उपशमन रद्द करून घेण्यासाठी आणखी ६० दिवस मिळतात, आणि तेही गेले तर उशिराची कारणे पटवून देण्यात पुढची वर्षे जातात. वडिलांच्या नावावर असा दावा असल्याचे मुलांना ठाऊकच नसते, हे मराठी घरांतही सर्रास दिसते. म्हणून सीएनआर क्रमांक, वकिलांचा दूरध्वनी आणि लीड केसचा क्रमांक असा एक कागद घरातल्या कपाटात, विम्याच्या कागदांशेजारी ठेवावा.

कुंपणावर बसलेल्यांसाठी

‘रामभाऊंनी केस केली आहे, ते जिंकले की आपल्यालाही मिळेल,’ हा हिशेब फार लोक करतात. नोकरीच्या प्रकरणांत हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध अरविंदकुमार श्रीवास्तव या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजू मांडल्या आहेत. सारख्याच स्थितीतल्या कर्मचाऱ्यांना सारखाच लाभ द्यावा हा सामान्य नियम. परंतु ज्यांनी अन्याय झाला तेव्हा तो निमूटपणे मान्य केला आणि दुसरा जिंकल्यावर जागे झाले, त्यांना विलंबाच्या कारणावरून नाकारता येते. निकाल संपूर्ण वर्गासाठी दिलेला असेल, तर लाभ सर्वांना द्यावा लागतो. आपला निकाल यातल्या कोणत्या प्रकारात मोडेल हे अगोदर सांगता येत नाही, त्यामुळे निदान विभागाकडे लेखी निवेदन तरी वेळेत द्यावे आणि त्याची पोच जपून ठेवावी.

भूसंपादनात कायद्यानेच एक खिडकी उघडी ठेवली आहे. २०१३ च्या कायद्याचे कलम ७३ (जुन्या कायद्यात कलम २८अ) असे सांगते की त्याच प्राथमिक अधिसूचनेखालच्या दुसऱ्या एखाद्या शेतकऱ्याला भूसंपादन प्राधिकरणाने वाढीव मोबदला दिला, तर ज्यांनी स्वतः संदर्भ (मोबदला वाढवण्यासाठी प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवणे) मागितला नव्हता तेही जिल्हाधिकाऱ्याकडे फेरनिर्धारणाचा अर्ज करू शकतात. मुदत मात्र त्या निवाड्याच्या तारखेपासून तीन महिने. निवाड्याची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात. शेजाऱ्याने वाढीव मोबदल्याचे पेढे वाटले त्याच दिवशी त्याला निवाड्याची तारीख विचारून घ्यावी.

चौथी पायरी: पैशाचा हिशेब स्वतःचा मांडावा

सारखेपणा कुठे संपतो हे मोटार अपघाताच्या दाव्यांत सर्वांत स्पष्ट दिसते. एका बसच्या अपघातात चार कुटुंबांचे दावे असतील तर चालकाचा निष्काळजीपणा आणि विमा कंपनीचे दायित्व हे प्रश्न एकत्र ठरतात. भरपाईची पद्धतही सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी साऱ्या देशासाठी एकसारखी करून ठेवली आहे, जेणेकरून प्रत्येक न्यायाधिकरणाने नव्याने अंदाज बांधत बसू नये. तरीही आकडे किती वेगळे येतात पाहा.

समजा, मृत व्यक्ती ३८ वर्षांची, स्वतःचा लहान धंदा असलेली, वर्षाला १,८०,००० रुपये कमावणारी आणि तिच्यावर अवलंबून चार माणसे आहेत. भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून उत्पन्न २,५२,००० होते. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १,८९,००० उरतात. त्या वयाचा गुणक (वार्षिक रकमेला ज्याने गुणायचे तो ठरलेला आकडा) १५, म्हणून अवलंबितांचे नुकसान २८,३५,००० रुपये. आता त्याच बसमधला ५२ वर्षांचा, तेवढीच कमाई असलेला, दोन अवलंबित असलेला दुसरा प्रवासी घ्या. वाढ १० टक्के, म्हणजे १,९८,०००, तिसरा हिस्सा वजा जाता १,३२,०००, गुणक ११, रक्कम १४,५२,००० रुपये. अंत्यविधी वगैरे ठरावीक शीर्षकांची रक्कम दोघांनाही याशिवाय मिळते. दोन कुटुंबांनी एकमेकांशी तुलना करून मन खट्टू करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा वयाचा दाखला, उत्पन्नाचे कागद आणि कोण कोण अवलंबून होते याचा पुरावा घट्ट करावा, कारण आकडा तिथेच हलतो.

इमारतीतल्या सदनिकांचा ताबा लांबला की ग्राहकांनाही असाच प्रश्न पडतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५(१)(ग) प्रमाणे समान हित असलेल्या सर्वांसाठी काहीजण आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात. परंतु २०२१ च्या ब्रिगेड एंटरप्रायझेस प्रकरणात ११३४ सदनिकांच्या संकुलातल्या ५१ सदनिकांचे ९१ खरेदीदार आले होते, आणि सर्वांचे हित समान आहे हे तक्रारीत पुरेसे मांडलेले नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने ती साऱ्या संकुलाच्या वतीने चालवू दिली नाही. फक्त त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार म्हणून चालू ठेवली. मसुदा करताना करारनाम्याच्या तारखा, ताब्याच्या तारखा आणि मागितलेली दाद सर्वांची एकच आहे का, हे एका तक्त्यात मांडून पाहावे. कोणी ताबा घेतला असेल आणि कोणी पैसे परत मागत असेल, तर ते दोन गट आहेत.

धनादेशांच्या खटल्यांचे थोडक्यात

राजवाड्याच्या आसपास व्यापार करणाऱ्यांना हा भाग लागतो. ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशात प्रलंबित असलेल्या २.३१ कोटी फौजदारी प्रकरणांपैकी ३५.१६ लाख प्रकरणे केवळ धनादेश न वटल्याची होती, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२१ च्या आदेशात नमूद केले आहे. एका व्यवहारातले अनेक धनादेश परत आले तर त्याच पक्षकारांमधल्या एका तक्रारीतले समन्स बजावले गेले म्हणजे त्या व्यवहाराच्या बाकीच्या तक्रारींतही ते बजावल्याचे मानावे, अशी व्यवस्था उच्च न्यायालयांनी करावी असे त्यात सांगितले आहे. आपल्या तक्रारींच्या पहिल्याच पानावर बाकीच्या तक्रारींचे क्रमांक लिहावेत, म्हणजे हे दंडाधिकाऱ्यांच्या लक्षात आणून देणे सोपे जाते. नोटिशीची ३० दिवसांची, पैसे देण्याची १५ दिवसांची आणि त्यानंतर तक्रारीची एक महिन्याची मुदत मात्र प्रत्येक धनादेशासाठी वेगळी मोजावी.

पाचवी पायरी: सामुदायिक तडजोड असेल तर

राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी इंदूरच्या न्यायालयात विमा कंपन्या, बँका आणि वीज कंपनीची प्रकरणे ढिगांनी निघतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि त्यावर अपील नाही. गर्दीत पुढे केलेल्या छापील नमुन्यावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी पेनाने भरलेल्या आहेत का हे पाहावे: रक्कम, ती मिळण्याची शेवटची तारीख, आणि त्या तारखेला न मिळाल्यास व्याज किती. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कायद्यात दिलेल्या इतर वर्गांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो.

सामुदायिक तडजोडीचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या राज्याच्या राजधानीतले आहे. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर अमेरिकेत ठिकठिकाणी दाखल झालेले दावे तिथल्या बहुजिल्हा खटल्यांच्या पद्धतीप्रमाणे न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायमूर्ती कीनन यांच्यासमोर एकत्र करण्यात आले, आणि मे १९८६ मध्ये त्यांनी ते भारतात चालवावेत असा निर्णय दिला. इकडे १९८५ च्या खास कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने दावा करण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला होता. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. पीडितांना न विचारता ती झाली ही तक्रार आजही संपलेली नाही, आणि ती मला रास्त वाटते. पण नवख्या पक्षकाराने पाहण्यासारखे आहे ते पुढचे: एकरकमी तडजोडीनंतरही प्रत्येक माणसाला दावा आयुक्तांच्या यंत्रणेपुढे मृत्यू, कायमचे अपंगत्व की तात्पुरती इजा, हे आपापल्या वैद्यकीय कागदांवरून सिद्ध करावे लागले, आणि त्या वर्गवारीवर प्रत्येकाची रक्कम ठरली.

सहावी पायरी: निकालाच्या दुसऱ्या दिवशी

गठ्ठ्याचा निकाल बहुधा लीड केसमध्ये लिहिला जातो आणि शेवटच्या परिच्छेदात म्हटलेले असते की या आदेशाची प्रत जोडलेल्या सर्व प्रकरणांत ठेवावी. निकालपत्राच्या आरंभी किंवा शेवटी क्रमांकांची यादी असते. तिच्यात आपला क्रमांक, वर्षासह, बरोबर छापला आहे का ते बोट ठेवून तपासावे. सुटला असेल किंवा चुकला असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच द्यावा.

निकाल विरुद्ध गेला तर अपील ज्याने त्याने आपल्या क्रमांकात करावे. एकत्रित निकालपत्र असले तरी हुकूमनामे वेगळे असतात, आणि चार दाव्यांपैकी एकातच अपील करून बाकीचे तीन सोडून दिले, तर त्या तिघांतला अंतिम झालेला निर्णय पुढे पूर्वन्याय म्हणून, म्हणजे एकदा ठरलेला मुद्दा पुन्हा उघडता येत नाही म्हणून, आपल्यावरच उलटू शकतो. मुदती अशा: जिल्हा न्यायालयात जाणाऱ्या पहिल्या अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात जाणाऱ्या पहिल्या अपिलाला ९० दिवस, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालच्या याचिकेत एकल न्यायमूर्तींनी दिलेल्या आदेशाविरुद्ध दोन न्यायमूर्तींच्या पीठाकडे जायचे असेल तर मध्य प्रदेशच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे ४५ दिवस. नकलेसाठी लागलेला वेळ मुदतीतून वगळला जातो, परंतु तो अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचाच. अर्ज उशिरा दिला किंवा तयार नक्कल नकल शाखेत आठ दिवस पडून राहिली, तर ते दिवस आपल्या खात्यावर पडतात. म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज द्यावा, नक्कल आपल्या प्रकरणाच्या क्रमांकाची मागावी, आणि तिच्या मागच्या बाजूच्या शिक्क्यावर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तिन्ही तारखा नीट उमटल्या आहेत ना, हे खिडकीसमोरच उभे राहून पाहावे.